युद्धाचं बिल मिठावर

१८५७ च्या उठावावर आपल्याकडे ढीगभर पुस्तकं आहेत. ते स्वातंत्र्यसमर होतं की शिपायांचं बंड, यावर भांडणंही भरपूर झाली. पण तो उठाव मोडून काढायचा खर्च कुणी भरला, हे कितीजण विचारतात?

तो इथल्या रयतेनं भरला. उठावामुळे हिंदुस्थानच्या कर्जात सुमारे ४ कोटी पौंडांची भर पडली. १८५८ च्या कायद्यानं कंपनीचं राज्य गेलं, पण तिची देणी हिंदुस्थानच्या महसुलावर टाकली. लंडनमधल्या भागधारकांचा लाभांशसुद्धा आपल्याच महसुलातून! म्हणजे देश जिंकल्याची किंमत जिंकल्या गेलेल्यांनीच द्यायची. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबियात एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध याच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थकारणावर आहे. लष्कर महसूल गिळत होतं आणि सार्वजनिक कामांच्या वाट्याला चिल्लर येत होती, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. आपल्या अभ्यासवर्गांत हा प्रबंध क्वचितच निघतो.

आता ही तूट भरली कशी ते पाहा. १८६० मध्ये जेम्स विल्सननं आयकर आणला, वर्षाला २०० रुपयांपासून पुढे कमाई असणाऱ्यांवर. कमावत्या वर्गात नाराजी होती. १८६५ ला तो गुंडाळला. मिठावरचा कर मात्र राहिला, वाढत गेला आणि १८७८ पर्यंत मुंबई इलाख्यात मणाला अडीच रुपयांवर पोचला. सावकाराला जेवढं मीठ लागतं तेवढंच गावकुसाबाहेरच्या माणसालाही लागतं. त्याच्या भाकरीवर तर बहुतेकदा दुसरं काही नसायचंच.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाला होता. पुढच्या दुष्काळांसाठी म्हणून सरकारनं नवे कर लावून वर्षाला दीड कोटी रुपयांची तरतूद केली. लगेच अफगाण युद्ध सुरू झालं आणि तो पैसा तिकडे वळला.

बाबासाहेब सैन्याच्या विरोधात होते असं कुणी समजू नये. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून तेच झटले. पण १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी हिशोब मांडला: वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. हा बोजा चुकीच्या परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे, अडचणीत मदतीला येईल असा मित्रच आपण ठेवला नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. त्या निवेदनातलं हिंदू कोड बिल आपल्याला पाठ आहे, हा भाग मात्र आपण वगळून वाचतो.