पॅलेस्टाईनचा झेंडा: ऑलिम्पिकमध्ये मान, स्टँडमध्ये दंड

एकच झेंडा एका मैदानावर संचलनात पुढे असतो आणि दुसऱ्या मैदानावर त्याच झेंड्यापायी क्लबला दंड बसतो. हे कसं काय, असं घरात मुलं विचारतात. त्यासाठी ही माहिती देत आहोत.

खेळात मान्यता सरकारला नव्हे, तर खेळाच्या संघटनेला मिळते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने पॅलेस्टाईनच्या ऑलिम्पिक समितीला १९९५ मध्ये मान्यता दिली. पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिम्पिकमध्ये गाझाचे धावपटू माजिद अबू मराहील हा झेंडा हाती घेऊन चालले. १९९८ मध्ये फिफाचं सदस्यत्व आलं. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क मुख्यालयासमोर मात्र तो झेंडा चढला ३० सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे अटलांटानंतर तब्बल १९ वर्षांनी! अबू मराहील यांचा जून २०२४ मध्ये, युद्ध चालू असताना, मूत्रपिंड निकामी होऊन नुसैरातच्या छावणीत इंतकाल झाला.

या नियमाचा फटका आपल्यालाही बसलेला आहे. भारतीय ऑलिम्पिक संघटना निवडणुकीच्या वादात निलंबित होती, म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला भारतीय संघाला तिरंग्याऐवजी ऑलिम्पिकचा झेंडा घ्यावा लागला. (तीन जणांच्या त्या संघात जम्मू-काश्मीरचे नदीम इक्बाल होते.) स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठलं आणि तिरंगा फडकला.

अफगाणिस्तानचंही तेच. काबूलमध्ये २०२१ पासून तालिबानचा पांढरा झेंडा आहे, पण पॅरिस ऑलिम्पिकला तीन पुरुष आणि तीन महिलांचा संघ जुन्या तिरंगी झेंड्याखाली उतरला.

प्रेक्षकांची गोष्ट वेगळी. युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, म्हणजे युएफाचा, स्टँडमध्ये राजकीय संदेश नको असा नियम आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये ग्लासगोत सेल्टिक क्लबचा सामना इस्रायलच्या हापोएल बेअर शेवाशी होता. चाहत्यांनी पॅलेस्टाईनचे झेंडे फडकवले. सेल्टिकला सुमारे १० हजार युरोंचा दंड झाला. चाहते काय गप्प बसतात! त्यांनी १ लाख ७० हजार पौंडांहून जास्त वर्गणी काढली, आणि ती पॅलेस्टिनींच्या वैद्यकीय मदतीला व बेथलेहेमजवळच्या ऐदा छावणीतल्या केंद्राला दिली. फिफाच्या सदस्याचा झेंडा मुळात राजकीय कसा ठरतो, हा आमचाही प्रश्न आहे.

आणि नियम सगळ्यांना सारख्या वेगाने लागतो, असंही दिसत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि २८ तारखेला फिफा व युएफाने रशियाचे संघ निलंबित केले. पॅलेस्टाईनच्या फुटबॉल संघटनेने मे २०२४ मध्ये इस्रायलच्या निलंबनाची मागणी केली, तेव्हा फिफाने आधी कायदेशीर मत मागवलं, मग ऑक्टोबरमध्ये चौकशीचं काम शिस्तपालन समितीकडे दिलं. मधल्या काळात पॅरिसला दोन्ही संघ आले. पॅलेस्टाईनचे खेळाडू ८ होते. झेंडा मुष्टियोद्धा वसीम अबू सल आणि जलतरणपटू व्हॅलेरी तराझी यांच्या हाती होता.