बैलाचा घाम आणि खोबरेल

आमच्या घरात खोबरेलाच्या दोन बरण्या असायच्या. मोठी रोजची. तिच्यातलं तेल तेल्याच्या घाण्यावरून यायचं. निस्त्याला, फोडणीला, फणसाचे गरे तळायला आणि आम्हा मुलींच्या वेण्यांना तेच. दुसरी बरणी वीतभर उंचीची, चिनीमातीची, फडताळात अगदी वरच्या कप्प्यात. तिच्यातलं तेल आजी स्वतः चुलीवर काढायची आणि ती बरणी वर्षातून एकाच दिवशी खाली यायची, ऋषिपंचमीला. तेल तर दोन्हींत नारळाचंच. मग हा सोवळेपणा कशाला, असं मी एकदा विचारलं. आजी म्हणाली, "अगो, घाण्याक बैल असता."

मी तेव्हा आठ वर्षांची होते. साल 1960. गाव आरोंदा, तेरेखोल नदीच्या काठावर. नदीच्या पलीकडे पोर्तुगिजांचं राज्य होतं.

भाद्रपद शुद्ध पंचमी म्हणजे गणपती आल्याचा दुसरा दिवस. घरात मोदक उरलेले, पाहुणे पडवीत पेंगत असलेले, आणि आजीचा उपास. हा उपास एकादशीसारखा नाही. एकादशीला भात-भाकरी जाते आणि साबुदाणा, रताळी, शेंगदाणे, राजगिरा येतो. यातलं जवळपास सगळं अमेरिका खंडातून आलेलं. राजगिरा तर मेक्सिकोत अॅझ्टेक लोकांच्या देवकार्यातला. त्याच्या कणकेच्या मूर्ती करतात म्हणून स्पॅनिश लोकांनी त्याच्यावर डोळा धरला होता. आपल्याकडे येऊन तो पुन्हा देवाधर्माला लागला. पण एकादशीचा प्रश्न एवढाच असतो की हा पदार्थ उपासाला चालतो की नाही. ऋषिपंचमीचा प्रश्न वेगळा: हे पिकवायला राबलं कोण? बैल राबला असेल तर ते त्या दिवशी खायचं नाही. नांगरटीचा भात गेला, गहू गेला, डाळी गेल्या. परसात कुदळीनं खणून लावलेलं सगळं राहिलं. म्हणून ऋषीच्या भाजीत अळू, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल माठ, सुरण आणि अंबाड्यांबरोबर मक्याच्या कणसाचे तुकडे निवांत पडतात. मका धान्यच आहे. पण तो कुंपणाकडेला हातानं टोचलेला, म्हणून त्याला मुभा.

ही अट फार जुनी आहे. मनुस्मृतीत वानप्रस्थाला नांगरलेल्या जमिनीतलं खायला मनाई आहे. कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्याच अंकात दुष्यंत आश्रम ओळखतो तो झाडाखाली सांडलेल्या नीवारावरून. नीवार म्हणजे पाणथळीत आपोआप उगवणारं रानटी भात. आपल्याकडे त्यालाच देवभात म्हणतात. रानात राहणाऱ्या ऋषींचं हे रोजचं खाणं गावात राहणाऱ्या बायकांनी वर्षातून एक दिवस खायचं, असा या व्रताचा ढाचा आहे.

पण बैलच का, याचं उत्तर कहाणीत आहे. आजी ती पूजेनंतर सांगायची. आटपाट नगरात एक ब्राह्मण होता. त्याच्या बायकोनं विटाळाचे नियम पाळले नाहीत, घरभर शिवाशीव केली. पुढल्या जन्मी ती झाली कुत्री आणि नवरा झाला बैल, आणि दोघं आपल्याच मुलाच्या दारात येऊन राहिली. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापानं गरळ टाकलं. कुत्रीनं ते पाहिलं. ब्राह्मण मरतील म्हणून तिनं खिरीत तोंड घातलं. सुनेनं तिला कोलीत फेकून मारलं. बैल दिवसभर तोंड बांधून शेतात राबला, उपाशी. रात्री गोठ्यात दोघं एकमेकांना आपलं दुःख सांगत असताना मुलानं ऐकलं, तो ऋषींना शरण गेला, आणि ऋषींनी व्रत सांगितलं: बैलाच्या कष्टाचं खायचं नाही.

लहानपणी मला कोलीत आठवायचं. मोठेपणी लक्षात आलं की या कहाणीत बैल म्हणजे बाप आहे. त्याच्या घामाचं अन्न एक दिवस नाकारायचं, म्हणजे त्याला एक दिवसाची सुट्टी. आईची सुटका मात्र प्रायश्चित्तातून. दोष तिचा, जाच दोघांचा, आणि व्रत पुन्हा बायकांनीच करायचं. आजीनं ते पन्नाशीनंतर, विटाळ बंद झाल्यावर धरलं होतं; गावातल्या बहुतेकजणी तेव्हाच धरत.

आता ते तेल. श्रावण संपता संपता आजी पंधरा-सोळा नारळ काढून ठेवायची. सोलणं, फोडणं, आडाळ्यावर बसून खवणं, पाट्यावर वाटणं, कोमट पाण्यात कालवून फडक्यातून पिळणं. तो रस पितळी पातेल्यात चुलीवर चढायचा आणि सकाळची दुपार व्हायची. आधी तो दुधासारखा उकळतो, मग फाटतो, मग घट्ट होत होत तळाला दाणे धरतो, आणि एकाएकी पातेल्याचा आवाज बदलतो. पाणी संपून तेल तडतडायला लागतं. पंधरा-सोळा नारळांतून जेमतेम शेरभर तेल. तळाशी उरायचा तपकिरी, खमंग चोथा. तुपाची जशी बेरी, तशी ही खोबरेलाची बेरी. त्यात गूळ चुरून आजी आम्हा पोरांच्या हातावर ठेवायची. धान्याचा कण नसलेलं, खोबरेलात भाजलेलं यापेक्षा चांगलं गोड मी अजून खाल्लेलं नाही. पण ते गोड कुठल्या पाककृतींच्या पुस्तकात सापडायचं नाही. आपल्याकडे गोडाला मान साजूक तुपाचा. तेलातलं गोड म्हणजे गरिबाचं गोड. माडाखाली राहणाऱ्या माणसांनी ते खाल्लं आणि लिहिलं कोणीच नाही.

पंचमीचं खरं पक्वान्न म्हणजे धोंडस. एरवीचं धोंडस तांदळाच्या रव्याचं: तवशाचा कीस, गूळ, खोबरं घालून, खाली-वर निखारे ठेवून भाजलेलं. ओव्हन कोकणात पोचायच्या कितीतरी आधीचा हा आमचा केक. पंचमीला तांदूळ बाद. म्हणून आजी तवकील वापरायची. परसात हळदीसारख्या पानांचे कंद असत. ते किसायचे, पाण्यात धुवायचे, गाळायचे, खाली बसलेला पांढरा साका सात-आठ पाणी बदलून वाळवायचा. सुपलीभर कंदांतून दोन मुठी पीठ.

गुळाचंही त्रांगडंच. उसाची जमीन बैलानं नांगरलेली आणि चरकही बैलानंच फिरवलेला. तेव्हा हवा माडाचा गूळ, सूर आटवून केलेला काळा, धुरकट वासाचा. माडावर चढतो तो माणूस, बैल नव्हे. पण आमच्या बाजूला सूर काढणं सोपं राहिलं नव्हतं. इंग्रजांच्या 1878च्या आबकारी कायद्यानं सूर काढायच्या माडावर कर बसवला होता, आणि 1949मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. पलीकडे गोव्यात रेंदेर पूर्वीसारखेच माडावर चढत होते. म्हणून आजीचा भाऊ रात्री होडीतून गुळाच्या चार ढेपा आणायचा. त्या काळात नदी ही सरहद्द होती आणि मामाआजोबांचं ते कृत्य चोरटी आयात होती. बैलाच्या घामाचं पाप टाळण्यासाठी सरकारचा गुन्हा करणं आजीला अजिबात विसंगत वाटायचं नाही.

तर तवशाचा कीस, तवकील, खवलेला नारळ, माडाचा गूळ, वेलची आणि छोट्या बरणीतलं तेल. पातेल्याला आतून केळीचं पान. खाली सोडणांचा मंद विस्तव, वर ताटलीवर करवंट्यांचे लाल निखारे. तासाभरानं निघायचं ते काळपट, मधे थलथलीत, कडेला खरपूस. केक म्हणावा तर फुगलेला नाही, वडी म्हणावी तर पडत नाही. पहिला वास गुळाचा, मागून खोबरेलाचा.

आजोबा पडवीतून टोमणा मारायचे, "परसातल्या भेंडीक शेण कोणाचा घातलंस गो?" आजी उत्तर द्यायची नाही. आज मला वाटतं, तिला खरा प्रश्न कोणीच विचारला नाही. सोळा नारळ खवले कोणी, कंद किसले कोणी, विस्तवाकडे तासभर कोण बसलं? बैलाच्या कष्टाचा हिशोब इतका काटेकोर की तेलाच्या थेंबापर्यंत पोचलेला. बाईचे कष्ट मात्र शुद्ध. ते जितके जास्त, तितकं अन्न पवित्र. त्या दिवशी आमच्या गोठ्यातला बैल रवंथ करत बसलेला असायचा आणि आजी पहाटे चारपासून उपाशी उभी.

बैलाला सुट्टी देणारं आणखी एक गणित मला लग्नानंतर अलिबागला कळलं. तिथे इस्रायल आळी आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनवार तेली. त्यांच्या धर्मग्रंथात शब्बाथची आज्ञा आहे ती फक्त माणसाला नाही. तुझा बैल, तुझं गाढव, तुझा दास आणि दासी, सगळ्यांनी थांबायचं. आमच्या व्रतात बैल वर्षातून एकदा, तोही ताटापुरता सुटतो. त्यांच्याकडे तो आठवड्यातून एकदा खरोखरच जुवाखालून सुटायचा, आणि दासीही सुटायची. मांसाच्या जेवणाबरोबर दूध चालत नाही म्हणून त्यांच्या हलव्यातही दुधाऐवजी नारळाचा रस. 1948नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. आळीचं नाव राहिलं.

या सगळ्याची उजळणी व्हायचं कारण माझी नात. ती सहा वर्षांची असताना पोट सतत बिघडायचं, वजन वाढेना. पुण्यात तपासण्या झाल्या आणि सीलिअकचं निदान झालं. गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याचं अस्तर खराब होतं; गहू, जव आणि त्यांच्या जातीचं सगळं जन्मभर बंद. हा दोष गव्हाकडे बोट दाखवून सांगितला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला संशय युद्धाआधीपासून होता. 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, लोक ट्युलिपचे कंद खायला लागले, पाव मिळेना, आणि त्या उपासमारीत त्याचा संशय आणखी बळावला. 1950मध्ये त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. कंद खाऊन राहिलेल्या माणसांची ती गोष्ट वाचताना मला आमची पंचमी आठवली, आणि लगेच लाजही वाटली. आमची कंदमुळं एका दिवसाची आणि हौसेची.

नातीला खीर, मोदक, घावनं सगळं चालतं. कोकणातलं पोर तांदळावर सहज जगतं. पण वाढदिवसाला तिला केकच हवा होता. मी राजगिरा आणि शिंगाडा कोपऱ्यावरच्या गिरणीत दळायला नेला. "उपासाचं आहे" असं बजावलं. गिरणीवाल्यानं रीतीप्रमाणे आधी मूठभर राजगिरा जात्यातून काढून टाकला आणि मग माझं दळण लावलं. देवाला तेवढं पुरतं. आतड्याला पुरलं नाही. पोर दोन दिवस आडवी झाली. चूक माझीच. सोवळं आणि स्वच्छता या दोन गोष्टी आहेत, हे मी शाळेत तीस वर्षं शिकवत आले होते.

आता घरी जातं आहे. शिंगाडा त्याच्यावर दळते, तवकील गावाहून मागवते, गूळ गोव्याचा, आणि लोण्याच्या जागी खोबरेल. पुण्याच्या थंडीत ते बरणीत गोठतं आणि गुळाबरोबर लोण्यासारखं फेसतं. आरोंद्याला भाद्रपदात ते कधी गोठलंच नाही, म्हणून आजीला हा गुण माहीत नव्हता. ते अमृत आहे असं मी कोणाला सांगत नाही. त्यातला बहुतेक मेद संपृक्त आहे, आणि केक काही रोज करायचा नसतो.

मागच्या भाद्रपदात तेल संपलं म्हणून दुकानात गेले. काचेची देखणी बाटली, भाव डोळे पांढरे करणारा, आणि लेबलावर चित्र: लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल. जो बैल चुकवण्यासाठी आजी दिवसभर चुलीपुढे बसायची, त्याच्याच जोरावर तेल खपत होतं. मी दुकानदाराला विचारलं, "खरंच बैल आहे का हो?"

"छे हो आजी," तो म्हणाला, "मोटर आहे. बैल कुठनं परवडतो?"

म्हणजे ऋषिपंचमीला चालेल. त्या हिशोबानं ट्रॅक्टरनं नांगरलेला गहूसुद्धा चालेल. मी बाटली घेतली, घरी आले आणि नातीला जात्यासमोर बसवलं. खुंट्याला दोघींचे हात लावले. पाच मिनिटांत तिचा दंड दुखायला लागला.

"आजी, हे कोणी केलं असतं पूर्वी?"

"माझ्या आजीनं."

"मग तिला सुट्टी कधी?"

मी जातं थांबवलं. त्या वर्षी धोंडस तिच्या बापानं भाजलं. एक कड जरा जास्तच खरपूस झाली होती.