भजनाअंती

लोअर परळच्या डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, गिरण्यांच्या भरभराटीत गावोगावच्या मंडळींचे गाळे असत. एका गावची माणसे एका खोलीत. निजणे पाळीप्रमाणे, एक कामावर गेला की दुसरा आडवा. मिसरूड न फुटलेली पोरेही त्यांतच वाढत. पाण्याची बादली, निजायची जागा, हरवलेली चवली... भांडणाला निमित्त कशाला हवे?

घाटावरच्या गाळ्यांत वारकरी पुष्कळ. एकादशीला भजन होई आणि भजनाअंती लहानथोर सारे एकमेकांच्या पाया पडत. दुपारी गचांडी धरलेली पोरे रात्री समोरासमोर! कारभाऱ्याला वेगळा न्याय करावा लागत नसे. मी एकदा तोंड फिरवून बसलो. तो आधी वाकला. दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही.

पण गाळा बहुधा एकाच जातीचा. विणाई खात्यात कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव असे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात तो प्रश्न उभा केला होता. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी मी गाळ्यात आलो. आमच्या भजनाला त्या वस्तीतला एकही मुलगा कधी आला नाही. आम्ही बोलावलेच नव्हते.