शेवटची खाट

मरणासन्न माणसाची शुश्रूषा घरीच करावी, हे आपल्या खेड्यांना कुणी शिकवावे लागले नाही. उणीव होती ती वेदनाशमनाची. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले आणि दोनच वर्षांत तेथील परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. आपल्याकडे १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन उभे राहिले. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने मॉर्फिन दुरापास्त झाले. तो जाच २०१४ च्या दुरुस्तीने सैलावला. मधल्या २९ वर्षांत किती जण कण्हत गेले, याची नोंद कोणत्या दप्तरात असणार?

केरळात १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेले कार्य पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बळावर घरोघरी पोहोचले. बीड जिल्ह्याचे दुखणे निराळे. येथे दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोद्याकडची जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. मागे म्हाताऱ्याचा कर्करोग बळावला, तर त्याची कूस बदलायला लेक नाही, सून नाही; असते ती थकलेली म्हातारी आणि शाळकरी नात. कुटुंबाने सांभाळावे असे म्हणताना आम्ही हे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवतो. मुकादमाची उचल घेतलेल्या लेकाला, बाप अत्यवस्थ आहे म्हणून, फड सहजी सोडता येत नाही.