तांबड्या रेषेमागील कारकून

ब्राउझरच्या चौकटींत कोणी पत्र लिहीत असतां एखादा शब्द चुकला, कीं त्याखालीं तांबडी नागमोडी रेषा उमटते. लिहिणारा शब्द दुरुस्त करतो आणि पुढें जातो. शाळेंत हें काम मास्तरांची तांबडी शाई करीत असे, छापखान्यांत मुद्रितें तपासणारा करीत असे. आतां तेंच काम ब्राउझरच्या पोटांत बसलेला एक निमूट कारकून करतो. हा कारकून कोठून आला, तो काय काय वाचतो, आणि अखेर त्याच्यावरच पहारा बसविण्याची पाळी कां आली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

त्याचा आरंभ १९६१ च्या सुमारास अमेरिकेंत झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत लेस अर्नेस्ट हे हस्ताक्षर वाचणारें यंत्र सिद्ध करण्याच्या खटपटींत होते. मोडी वाचणारा मनुष्य अर्धें डोळ्यांनीं वाचतो व अर्धें अनुमानानें. यंत्राजवळ अनुमान कोठून असणार? म्हणून अर्नेस्ट यांनीं त्याला १०,००० ग्राह्य शब्दांची यादी दिली. यादींत जो शब्द नाहीं तो संशयित. पुढील साऱ्या शुद्धलेखन-तपासणीचें बीज या एवढ्याशा युक्तींत आहे. १९६४ सालीं फ्रेडरिक डॅमेराऊ यांनीं असें दाखवून दिलें कीं, शेंकडा ८० हून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर बदललेलें, एक गळलेलें, एक अधिक पडलेलें, किंवा शेजारचीं दोन अक्षरें उलटसुलट झालेलीं. १९७१ मध्यें स्टॅनफर्ड येथें राल्फ गोरिन यांनीं जो कार्यक्रम लिहिला, तो याच जातीच्या चुका उलट्या फिरवून पाही आणि ‘तुम्हांला हा शब्द तर म्हणावयाचा नाहीं ना?’ असें सुचवी. केवळ दोष दाखविणाऱ्या परीक्षकाचा येथें साहाय्यक झाला.

अडचण होती ती जागेची. बेल प्रयोगशाळेंत स्टीव्ह जॉन्सन यांनीं १९७५ सालीं रचलेला तपासनीस डग मॅकिलरॉय यांनीं सुधारावयास घेतला, तेव्हां त्यांच्या यंत्रावरील कार्यक्रमाला ६४ किलोबाइट एवढीच स्मृति मिळे. आजच्या फोनमधील एका छायाचित्रालाही ती पुरणार नाहीं. त्यांनीं शब्दांचे उपसर्ग-प्रत्यय छाटले आणि सुमारें ३०,००० नोंदी त्या चिमुकल्या पेटींत बसविल्या. कोंड्याचा मांडा करणें म्हणतात तें हेंच.

इंग्रजीचें प्रत्ययांवांचून फारसें अडत नाहीं. पण हंगेरियन भाषेंत एकेका शब्दाला प्रत्ययांच्या माळा लागतात. तेथें साधी यादी कितीही लांबविली तरी अपुरीच पडते. लास्लो नेमेथ या हंगेरियन गृहस्थांनीं यासाठीं ‘हनस्पेल’ रचला. त्यांत एका दप्तरांत मूळ शब्द आणि दुसऱ्यांत प्रत्यय जोडण्याचे नियम, अशी व्यवस्था आहे. मराठी वाचकाला ही सोय चटकन् पटेल. घर, घरास, घरांत, घरांतला, घरांतल्यांना हीं सर्व रूपें निरनिराळीं कोण लिहीत बसणार? मात्र कारकुनाला जेवढें शिकविलें तेवढेंच तो जाणतो. १९६२ सालीं शासनानें मान्य केलेल्या नियमांनीं मराठींतील पुष्कळसे अनुस्वार गळाले. त्या नियमांवर बेतलेल्या यादीपुढें त्यापूर्वींचा एखादा उत्तम निबंध ठेवला, तर ओळींमागून ओळी तांबड्या होतील. उलट ‘दीन’च्या जागीं ‘दिन’ लिहिलें, तर तो एक रेषही ओढणार नाहीं. कारण दोन्ही शब्द त्याच्या यादींत आहेत. शुद्ध कोणतें हें तो ठरवीत नाहीं. ठराविक यादीशीं ताडून पाहतो, इतकेंच.

२४ ऑक्टोबर २००६ रोजीं निघालेल्या फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तींत हा तपासनीस ब्राउझरच्या आंत आला. २००८ मध्यें फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीनें हनस्पेलचा स्वीकार केला, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत जन्मलेल्या क्रोमनेंही तोच नेमला. परंतु हें घर साधें नव्हतें. ब्राउझर हा कार्यक्रम दिवसभर अनोळखी लोकांच्या हातचा मजकूर उघडून वाचीत असतो. त्यांत चित्रें, अक्षरांचे ठसे, ध्वनि, सारें कांहीं येतें, आणि पाठविणारा सज्जनच असेल याचा भरंवसा नसतो. जुन्या धाटणीच्या कार्यक्रमांत शंभर अक्षरांपुरती जागा राखलेली असते. कोणी मुद्दाम दीडशें अक्षरें पाठविलीं आणि मोजणी करणारा गाफील राहिला, तर उरलेलीं पन्नास शेजारच्या जागेंत सांडतात, जसें बांध फुटून पाणी दुसऱ्याच्या शेतांत शिरतें. तीं पन्नास अक्षरें चतुर चोरानें लिहिलेली आज्ञा असली, तर यंत्र ती निमूटपणें पाळतें. सप्टेंबर २०२३ मध्यें ‘वेबपी’ जातीचीं चित्रें वाचणाऱ्या भागांत असेंच भगदाड सांपडलें, आणि क्रोम व फायरफॉक्स या दोघांनाही घाईघाईनें दुरुस्ती काढावी लागली.

दुरुस्तीकडे दुर्लक्ष केल्याचें फळ काय असतें, हें इंटरनेट एक्सप्लोररच्या कथेंत दिसतें. २००१ मध्यें त्याची सहावी आवृत्ति निघाली आणि बाजार जवळजवळ तिच्या मुठींत आला. त्यानंतर सातवी निघावयास २००६ साल उजाडलें. मधल्या काळांत भोकें बुजविण्याचें काम चालू होतें खरें. पण प्रतिस्पर्धी उरला नाहीं कीं मालकाचा हात कसा सैल पडतो, याचें हें ठळक उदाहरण होय. जून २००४ मध्यें अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा पथकानें दुसरा ब्राउझर वापरणें हाही एक उपाय म्हणून सांगितला. जानेवारी २०१० मध्यें गूगल व इतर कंपन्यांवरील हल्ला याच ब्राउझरमधील छिद्रांतून झाल्याचें उघड झालें, तेव्हां जर्मनी व फ्रान्स येथील सरकारी यंत्रणांनींही तसाच सल्ला दिला. त्या महिन्याच्या २१ तारखेस मायक्रोसॉफ्टनें दुरुस्ती काढली. १५ जून २०२२ रोजीं हा ब्राउझर निवृत्त झाला.

क्रोमनें प्रथमपासूनच वेगळी वाट धरली. दुरुस्ती हवी कीं नको हें घरधन्याला न विचारतां ती परस्पर आणून ठेवावयाची, ही त्याची रीत. घरधन्याला न विचारणें कित्येकांना उद्धटपणाचें वाटलें. परंतु विचारल्यावर ‘उद्यां पाहूं’ म्हणणारेच अधिक, हा अनुभव होता. शिवाय येथें एक विलक्षण पेंच आहे. क्रोमचा पाया उघड्यावर लिहिला जातो, म्हणून भोंक बुजविल्याची नोंद प्रथम चोरही वाचतो आणि भोंक कोठें होतें हें त्याला त्यावरून समजतें. नोंद झाल्यापासून दुरुस्ती घरोघर पोंचेपर्यंतचा काळ त्याच्या सुगीचा. हें अंतर सरासरी ३५ दिवसांचें होतें. दर पंधरवड्याची डागडुजी सुरू झाल्यावर तें सुमारें १५ दिवसांवर आलें, आणि ऑगस्ट २०२३ पासून ती दर आठवड्यास करण्याचें ठरलें.

आतां पुन्हा त्या निमूट कारकुनाकडे. त्याच्याविषयीं दोन निरनिराळ्या शंका निघाल्या. पहिली, त्याच्या हातीं येणारा मजकूरच विषारी असला तर? हनस्पेल सी प्लस प्लस भाषेंत लिहिलेला असल्यानें वर सांगितलेला बांध त्याच्याही बाबतींत फुटूं शकतो. म्हणून डिसेंबर २०२१ मध्यें फायरफॉक्सच्या ९५ व्या आवृत्तींत त्याला एका पिंजऱ्यांत बसविण्यांत आलें. ही युक्ति कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील व टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांच्या साहाय्यानें सिद्ध झाली. कारकुनाला नेमून दिलेल्या स्मृतीच्या तुकड्याबाहेर हात घालतां येऊं नये, अशा रीतीनेंच त्याचा कार्यक्रम पुन्हा घडविला जातो. तो फसला तरी घर लुटलें जात नाहीं.

दुसरी शंका अधिक घरगुती आहे. साधा तपासनीस यंत्राच्या आंतच काम करतो. पण क्रोममधील ‘वर्धित’ तपासणी आणि मायक्रोसॉफ्टचा ‘एडिटर’ हे लिहिलेला मजकूर दूरच्या संगणकाकडे धाडून तपासून आणतात. सप्टेंबर २०२२ मध्यें एका सुरक्षा-संस्थेनें दाखवून दिलें कीं, पासवर्ड डोळ्यांना दिसावा म्हणून कोणी खूण दाबली, तर कित्येक ठिकाणीं तो पासवर्डही शुद्धलेखनासाठीं रवाना होत होता! वर्धित तपासणी वापरणारानें स्वतः चालू केल्यावांचून चालू होत नाहीं, हें खरें. पण चालू करतांना आपलें कोणतें लिखाण घराबाहेर जाणार याचा विचार कितीजण करतात? ज्याला बँकेचा मजकूर ब्राउझरमध्यें लिहावयाचा आहे, त्यानें साध्या तपासणीवरच भागवावें हें बरें.

परस्पर आलेली दुरुस्ती देखील ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावरच लागू होते. खिडक्या आठवडेच्या आठवडे उघड्या ठेवणाऱ्यांच्या घरीं ती दाराशीं येऊन तिष्ठत बसते. आणि कित्येक घरीं ती आतां येतच नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें निघालेली क्रोमची ११० वी आवृत्ति विंडोज ७ व ८.१ यांवर चालत नाहीं. अशा जुन्या यंत्रांवर चुकलेल्या शब्दाखालीं तांबडी रेषा पूर्वींसारखीच बिनचूक उमटते. क्रोमची डागडुजी मात्र तेथें १०९ व्या आवृत्तीपाशींच थांबलेली आहे.