दापोडीचे पाणी : तोफांपासून वल्ह्यांपर्यंत

पुण्याहून पिंपरीकडे जाताना बोपोडी संपली की हॅरिस पूल लागतो. खाली मुळा, पलीकडे दापोडी. मावळातून आलेली पवना पुलाजवळच मुळेला मिळते, पण वाहनांच्या गर्दीत हा संगम सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. येथून थोड्याच अंतरावर, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या म्हणजे सीएमईच्या आवारात, भारताचे नामवंत नौकानयनपटू घडले. आणि दोनशे वर्षांपूर्वी याच काठावरून एक पलटण नदी उतरून गेली, ती पेशवाईच्या विरोधात लढण्यासाठी.

ती पलटण मुळात पेशव्यांचीच होती, हे येथे विसरता येत नाही. दुसऱ्या बाजीरावांनी स्वतःच्या खर्चाने एक कवायती फौज उभी केली. तिचे अधिकारी मात्र इंग्रज होते आणि प्रमुख होता कॅप्टन फोर्ड. तिची छावणी दापोडीला होती. पगार पेशव्यांच्या खजिन्यातून, हुकूम इंग्रजीतून : ही व्यवस्था शांततेच्या काळात सोयीची, पण युद्धाच्या दिवशी तिचा धनी कोण, हा प्रश्न उरतोच.

पेशव्यांचे कारभारी मोरो दीक्षित यांचा फोर्डशी स्नेह होता. युद्ध अटळ दिसू लागले तेव्हा त्यांनी मित्राला तटस्थ राहण्यास सुचवले. आपण आपल्या लोकांच्या बाजूनेच उभे राहणार, असे फोर्डने स्पष्ट केले. अखेर दोघांनी एकमेकांना एवढाच शब्द दिला की, जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाचा सांभाळ करावा.

५ नोव्हेंबर १८१७. खडकीच्या माळावर कर्नल बरचे इंग्रज सैन्य सुमारे २,८०० होते. बापू गोखल्यांच्या हाताखालची मराठी फौज त्याच्या कितीतरी पट. बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. फोर्डची पलटण दापोडीहून मुळा ओलांडून येत असताना मराठी घोडदळाने तिच्यावर हल्ला चढवला. त्या हल्ल्यात पुढे होते मोरो दीक्षित. फोर्डच्या तोफेचा गोळा लागून ते पडले. दुसरीकडे गोखल्यांच्या घोडेस्वारांची दौड समोरच्या दलदलीत रुतली. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. या लढाईची चर्चा बहुधा सैन्यांच्या आकड्यांवर संपते. नदीचा उतार आणि चिखल यांनाही त्या चर्चेत जागा हवी.

युद्धानंतर दापोडीचा काठ शांत झाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ मध्ये, फोर्डचे घर मुंबई सरकारने घेतले आणि तेथे वनस्पती उद्यान सुरू झाले. पुढे त्याचे अधीक्षक झालेल्या अलेक्झांडर गिब्सन यांनी येथील वनस्पतींची चित्रे एका चित्रकाराकडून काढून घेतली. चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही. १८६० च्या दशकात गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीला हलला. तोवर, १८५८ मध्ये, खंडाळा-पुणे रेल्वे मुळेवरून धावू लागली होती. हॅरिस पूल त्यानंतरचा, १८९५ चा.

मग होड्या कोठून आल्या? दख्खनच्या नद्या मुळात नौकाविहाराच्या नव्हेतच. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात खडक. तरीची नाव असे, ती पैलतीर गाठण्यापुरती. हौसेने वल्हवायचे तर पाणी आधी अडवावे लागते. बंडगार्डनचे नावच जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बांधलेल्या बंधाऱ्यावरून पडले. संगमावर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा रेगाटा १९२८ पासूनचा. थेरगावचा बोट क्लबही पवनेवरील केजुदेवी बंधाऱ्याच्या काठी आहे.

दापोडीला हे काम लष्कराने केले. १९४३ मध्ये रुरकीला निघालेली लष्करी अभियांत्रिकीची शाळा १९४८ मध्ये येथे आली. पुढे तिच्या आवारातील जलमार्गावर लष्कराचे नौकानयन केंद्र उभे राहिले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला. दुष्काळी गावातल्या या तरुणाला सुरुवातीला पाण्याचीच भीती वाटे. येथेच तो वल्हे धरायला शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स प्रकारात तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये त्याच्या चमूने सुवर्णपदक जिंकले.

हा जलमार्ग लष्करी हद्दीत असल्याने कुणालाही सहज आत शिरता येत नाही. नदी पाहायची असेल तर हॅरिस पुलाचा कठडाच बरा. वर्षातील कित्येक महिने तेथून पाण्याऐवजी जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसतो, आणि केजुदेवी बंधाऱ्याखाली कधी कधी पांढरा फेस. फोर्डच्या पलटणीला आज मुळा उतरावी लागली असती, तर तिला आधी त्या जलपर्णीतून वाट काढावी लागली असती.