मतपत्रिकेवरचं विद्यापीठ

नोव्हेंबर उजाडला की कॅलिफोर्नियातल्या बारावीची मुलं असलेल्या मराठी घरांत फराळासोबत एक विषय हमखास निघतो: यूसीचा अर्ज. बर्कलीला नंबर लागेल का, नाही तर डेव्हिस कसं, आणि मुख्य म्हणजे खर्च किती? राज्यातल्या मुलांना आज वर्षाला 14 हजार डॉलरच्या पुढे ट्यूशन पडते, राहणं-जेवण वेगळं. याच विद्यापीठाने राज्यातल्या मुलांकडून ट्यूशन घ्यायचीच नाही असं धोरण शंभर वर्षं पाळलं होतं, हे सांगितलं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

सुरुवात सरकारी जमिनीपासून झाली. 1862 साली लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. केंद्राने राज्यांना जमीन द्यायची, ती विकून राज्यांनी शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची, असा तो कायदा. त्यातून 1868 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया उभी राहिली. (जाता जाता: आपलं राहुरीचं कृषी विद्यापीठ 1968 चं आणि अकोल्याचं 1969 चं. शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाणारा सल्ला एकाच छपराखाली, ही त्यांची घडण या अमेरिकन कॉलेजांवरूनच घेतलेली.)

खरा मोठा निर्णय झाला 1960 मध्ये. युद्धानंतर जन्मलेली मुलं कॉलेजच्या वयात यायला लागली होती. यूसीचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने 'मास्टर प्लॅन' तयार झाला आणि गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी त्याच्या कायद्यावर सही केली. हायस्कूलच्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांश मुलांना स्टेट कॉलेज आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं. डॉक्टरेट आणि मूलभूत संशोधन मुख्यतः यूसीकडे. किरकोळ फी होत्या, पण शिकवण्याचे पैसे नाहीत. सांताक्रूझ आणि अर्व्हाइनचे कॅम्पस 1965 मध्ये सुरू झाले ते याच उमेदीत.

मग बर्कलीत आंदोलनं झाली, रेगन गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि जानेवारी 1967 मध्ये रीजंट मंडळाने कर यांना घरी बसवलं. रेगन यांना ट्यूशन हवी होती. विरोध झाल्यावर 1970 मध्ये मध्यममार्ग निघाला तो 'शैक्षणिक फी' या नावाने. 'ट्यूशन' हा शब्द यूसीने राज्यातल्या मुलांसाठी अधिकृतपणे स्वीकारला थेट 2010 मध्ये. चाळीस वर्षं रक्कम वाढत राहिली, सोवळं पाळलं ते फक्त शब्दाचं!

पण माझ्या मते मास्टर प्लॅनला खरा धक्का रेगन यांनी दिला नाही. तो दिला जून 1978 मध्ये मतदारांनी, आणि त्या मतपत्रिकेवर विद्यापीठाचं नावही नव्हतं. प्रपोझिशन 13 ने प्रॉपर्टी टॅक्स घराच्या नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकला. ती किंमत 1975 च्या पातळीला मागे नेली आणि घर विकलं जाईपर्यंत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढू द्यायची नाही असं ठरवलं. हिशेब करून बघा. शेजारच्या आजोबांचं घर 1975 मध्ये 60 हजारांचं धरलं, तर आज त्यांचा मूळ कर साधारण सोळाशे डॉलर. त्याच गल्लीत तसंच घर तुम्ही आज 15 लाखांना घेतलंत, तर तुमचा 15 हजार.

त्या वेळी म्हाताऱ्या माणसांना करापायी घर सोडावं लागण्याची भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण प्रॉपर्टी टॅक्सवर चालायच्या त्या शाळा आणि कम्युनिटी कॉलेजं. तो आटल्यावर त्यांचा भार राज्याच्या तिजोरीवर आला. 1988 मध्ये प्रपोझिशन 98 ने शाळा-कम्युनिटी कॉलेजांचा किमान वाटा पक्का केला. यूसीला असं कवच कुणीच दिलं नाही. त्यामुळे मंदी आली की कात्री तिथे लागते, कारण उरलेली रक्कम विद्यार्थ्यांकडून काढता येते. नोव्हेंबर 2009 मध्ये तर एका ठरावात फी 32 टक्क्यांनी वाढवली गेली. (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची ट्यूशन अनुदानातून भरली जाते, हेही सांगायला हवं. आपल्यासारख्या मधल्या घरांना ते लागू होत नाही, म्हणून चर्चा जास्त.)

गंमत अशी, की हेच मतदार संशोधनासाठी हात सैल सोडतात. ऑगस्ट 2001 मध्ये अध्यक्ष बुश यांनी भ्रूणातल्या स्टेम सेलच्या संशोधनाला केंद्राचा पैसा फक्त तोवर तयार असलेल्या पेशींपुरता ठेवला. त्यावर कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर 2004 मध्ये प्रपोझिशन 71 मंजूर करून 3 अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढायचं ठरवलं. 59 टक्के मतं पडली. कोर्टकचेऱ्यांमुळे रोखे 2007 पर्यंत विकता आले नाहीत. प्रतिकारशक्तीशिवाय जन्मणाऱ्या बाळांवर यूसीएलएमध्ये जे उपचार यशस्वी झाले, त्यांना या पैशाचा आधार होता. प्रचारात मात्र मधुमेह आणि पार्किन्सन्सचीही आशा दाखवली होती. ते उपचार अजून रोजच्या दवाखान्यात आलेले नाहीत. आणि कर्ज फेडायचं ते व्याजासकट, त्याच तिजोरीतून.

नोव्हेंबर 2020 च्या मतपत्रिकेवर दोन प्रस्ताव लागोपाठ होते. प्रपोझिशन 14: स्टेम सेलसाठी आणखी साडेपाच अब्जांचं कर्ज. प्रपोझिशन 15: मोठ्या व्यापारी मालमत्तांना बाजारभावाने कर लावून शाळा, कम्युनिटी कॉलेजं आणि स्थानिक सरकारांना पैसा. पहिला 51 टक्क्यांनी निसटता पास झाला, दुसरा 48 टक्क्यांवर पडला. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी असलेली आपली मंडळी यातल्या कशावरच शिक्का मारू शकली नाहीत. प्रॉपर्टी टॅक्स ती भरतातच, आणि तोही नव्या दराने.